तळघर सजवायचंय? आधी भिंतीला रंग लावू नका

एप्रिल-मे आला की आमच्याकडे तळघराचे फोन वाढतात. बंगल्याचं किंवा रो-हाउसचं तळघर वर्षानुवर्षं अडगळीने भरलेलं असतं. आता तिथे तबल्याच्या रियाझाची खोली, मुलांना खेळायला जागा किंवा पुस्तकांची कपाटं हवी असतात. विचार अगदी योग्य आहे. जमिनीखाली उन्हाची झळ पोचत नाही, म्हणून मे महिन्यात वरचा मजला तापला तरी तळघर गार राहतं. सभोवती माती असल्यामुळे घोडबंदर रोडची वाहतूक आत ऐकू येत नाही आणि आतला तबला शेजाऱ्यांना त्रास देत नाही. ठाण्यात किंवा नवी मुंबईत एक जास्तीची खोली विकत घ्यायची तर काय मोजावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे. इथे भिंती आणि स्लॅब आधीच उभे आहेत.

फोनवरचं पुढचं वाक्य मात्र बहुतेक वेळा हेच असतं: "भिंती ठणठणीत कोरड्या आहेत, नुकताच पुट्टी मारून रंग लावून घेतलाय, तुम्ही फक्त फिनिशिंग करा."

आमची कळकळीची विनंती आहे, आम्ही पाहून जाईपर्यंत भिंतींना हात लावू नका. पुट्टी नको, रंग नको, प्लायचं पॅनेल तर नकोच. डाग डोळ्यांना खुपतात हे समजतं, पण पाणी कुठून येतं ते आम्हाला त्या डागांवरूनच कळतं. लोणा (ओलीबरोबर वर येणारे पांढरे क्षार) कुठे फुटलाय, ओल जमीन-भिंतीच्या सांध्यातून वर चढतेय की वरून खाली उतरतेय, गंजाचा तांबूस ओघळ कुठून सुरू होतोय, एवढं दिसलं तर काँक्रीट कुठे पोकळ राहिलंय याचा अंदाज पहिल्याच भेटीत येतो. या खुणा रंगाखाली गेल्या की अख्खी भिंत खरवडावी लागते. त्यात तीन-चार दिवस जातात आणि ती मजुरी तुमच्याच बिलात चढते.

रंगाने ओल थांबत नाही, याचं कारण साधं आहे. बाहेरच्या भिंतीवर पाऊस समोरून पडतो आणि रंगाला भिंतीवर दाबतो. तळघरात पाणी मागून येतं आणि रंगाला भिंतीपासून ढकलतं. बाहेर मातीत पाणी दोन मीटर चढलं, तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे दोन टन दाब पडतो. रंग कितीही महाग असो, त्याला फुगे येणारच. खाडीलगत भराव टाकून वसवलेल्या भागांत पाणी जमिनीखाली फार खोल नसतं, शिवाय ते खारं असतं. पाणी सुकतं, क्षार भिंतीत राहतात, त्यांचे खडे वाढतात आणि गिलाव्याचे पोपडे काढतात. ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी वेगळी तऱ्हा. तिथे पावसाळ्यात खडकाच्या भेगांमधून झरे वाहतात; ऑक्टोबरनंतर तीच भिंत कोरडी दिसते.

म्हणूनच आम्ही तळघराची पाहणी शक्यतो जुलै ते सप्टेंबरमध्ये करतो आणि सजावट दिवाळीनंतर. "एवढं थांबायचं?" असं अनेकजण नाराजीने विचारतात. काही वर्षांपूर्वी नेरूळच्या एका ग्राहकांच्या घाईला मान देऊन आम्ही मे महिन्यात पॅनेल ठोकलं. जुलैत त्यामागे बुरशी धरली, ऑगस्टमध्ये सगळं उतरवलं. तेव्हापासून हा नियम आम्ही मोडलेला नाही.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. रंग नसलेल्या भिंतीवर दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला धरले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरून धरले तर तो हवेतला दमटपणा आहे. तो असेल तर पावसाळ्यात तळघराच्या खिडक्या उघड्या टाकू नका. बाहेरची दमट हवा गार भिंतीला लागली की आणखी पाणी सुटतं. दारं-खिडक्या बंद ठेवून डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) लावा. एवढ्याने भागत असेल तर आम्ही तसंच सांगतो, वॉटरप्रूफिंग गळ्यात मारत नाही.

पाणी भिंतीतूनच येत असेल तर आधी सांध्यांत आणि भेगांत ग्राउटिंग (पातळ मिश्रण भरून फटी बुजवणं), मग स्फटिक तयार करून छिद्रं बुजवणारा लेप, मग गिलावा. जमिनीला लॅमिनेटऐवजी टाइल, भिंतीला प्लायऐवजी सिमेंट बोर्ड, कपाटं भिंतीपासून दोन इंच सुटी, विजेचे पॉइंट कमरेच्या वर. संपमधला, म्हणजे झिरपलेलं पाणी जमा होणाऱ्या खड्ड्यातला, पंप इन्व्हर्टरवर असावाच, कारण मुसळधार पावसात वीज जाते आणि पंपाची गरज तेव्हाच असते.

मंजूर नकाशात तळघराचा वापर काय लिहिलाय तेही बघा. झोपायची खोली किंवा स्वयंपाकघर तिथे चालत नाही आणि ती कामं आम्ही घेत नाही.

पाहणीला तासभर लागतो. तिचं शुल्क काम दिल्यास बिलातून वजा होतं. येण्याआधी भिंतीलगतचं सामान हातभर पुढे ओढून ठेवा, नकाशाची प्रत काढून ठेवा आणि मागच्या पावसाळ्यातले फोटो असतील तर पाठवा. रंगाऱ्याला दिवाळीनंतरचं सांगा.