किशोरांच्या विज्ञानकथा-मालिका : पुढचा भाग घेण्यापूर्वी

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या विज्ञानकथा-मालिकेचा तिसरा किंवा चौथा भाग मागायला येणाऱ्या ग्राहकांची एक अडचण आम्ही नेहमी पाहतो. हातातल्या पुस्तकाआधी नेमके काय वाचलेले असायला हवे, हे पुस्तकावरून सहसा कळत नाही. मुखपृष्ठावर मालिकेचे नाव ठळक छापलेले असते. भागाचा क्रमांक मात्र कधी कण्यावर बारीक अक्षरांत असतो, कधी आतल्या पानावर, तर कधी कुठेच नसतो. अशा वेळी शीर्षकपानाच्या आगेमागे दिलेली त्याच लेखकाच्या इतर पुस्तकांची यादी पाहावी, कारण मालिकेतली पुस्तके तिथे बहुधा क्रमाने दिलेली असतात. प्रकाशनवर्ष पाहताना मात्र पुनर्मुद्रणाचे नव्हे, तर पहिल्या आवृत्तीचे वर्ष धरावे.

खरा घोटाळा होतो तो प्रकाशनाचा क्रम आणि कथेतल्या काळाचा क्रम वेगळा असतो तेव्हा. सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ मालिकेतली पहिली तीन पुस्तके २००८, २००९ आणि २०१० साली आली. २०२० सालच्या चौथ्या पुस्तकाची कथा पहिल्या पुस्तकाच्या ६४ वर्षे आधी घडते, तर २०२५ सालच्या पाचव्याची २४ वर्षे आधी. कथाकाळाप्रमाणे लावायचे म्हटले, तर चौथे पुस्तक पहिले वाचावे लागेल. तसे करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिसऱ्या भागात नायिका एक गाणे म्हणते आणि त्या गाण्याचा उगम चौथ्या भागात कळतो. ज्याने ते गाणे आधी नायिकेच्या तोंडून ऐकलेले आहे, त्यालाच त्या प्रसंगात अंगावर काटा येतो. जो थेट चौथ्या भागापासून सुरुवात करतो, त्याच्यासाठी ते केवळ एक गाणे असते. मागचा काळ सांगणारे पुस्तक लेखिकेने पुढचे सगळे ठाऊक असलेल्या वाचकासाठी लिहिलेले असते, म्हणून प्रकाशनाच्या क्रमानेच वाचावे.

लोइस लोरी यांच्या ‘द गिव्हर’ या १९९३ सालच्या कादंबरीनंतरची तीन पुस्तके घेणाऱ्यांना आम्ही आवर्जून थांबवून एक गोष्ट सांगतो. दुसऱ्या पुस्तकात (२०००) पहिल्याचा नायक प्रत्यक्ष भेटत नाही. गाव वेगळे, माणसे वेगळी, आणि जगणेही पार निराळे. हे पुस्तक चुकीचे आले आहे असे समजून परत करायला आलेल्या एका मुलीला आम्ही आणखी एक भाग वाचून पाहण्याची विनंती केली होती. तिसऱ्यात (२००४) दोन्ही कथांचे धागे एकत्र येतात आणि चौथे (२०१२) पहिल्या पुस्तकात अर्धवट राहिलेल्या प्रश्नाकडे परतते. ती मुलगी पुढे चौथा भाग घ्यायला स्वतःहून आली, याचा आम्हांला आजही आनंद वाटतो. तेव्हा दुसऱ्या भागावर थांबू नये.

प्रत्येक मालिकेत क्रमाचे बंधन एवढे कडक नसते. मॅडेलिन लेंगल यांच्या ‘अ रिंकल इन टाइम’पासून सुरू होणाऱ्या मालिकेतले १९८६ साली आलेले चौथे पुस्तक कथाकाळाच्या दृष्टीने १९७८ सालच्या तिसऱ्याच्या आधीचे आहे. पण तिथे प्रत्येक साहस बरेचसे स्वतंत्र असल्याने मागेपुढे वाचले तरी फारसे बिघडत नाही.

पुढच्या भागाचे मलपृष्ठ आधीचे भाग न वाचलेल्या मुलाच्या हाती देऊ नये. तिथल्या पहिल्या दोन ओळींतच मागच्या भागात कोण जिवंत राहिले आणि कोण गेले हे सांगून टाकलेले असते, आणि एकदा वाचलेली ती ओळ मनातून पुसता येत नाही. पुस्तक भेट म्हणून देत असाल, तर आम्ही मलपृष्ठ कागदाने झाकून देतो.

पालकांसाठी एक सूचना. मालिका पुढे सरकते तसे तिच्यातले विषयही बहुधा गडद होत जातात. पहिल्या भागात साहस असते, तर शेवटच्यात युद्ध, जवळच्यांचे मृत्यू आणि त्यानंतर मनावर उरलेले ओझे. पहिला भाग अकराव्या वर्षी आवडला म्हणून शेवटचाही त्याच महिन्यात झेपेल असे नाही. पुस्तक रोखून धरण्यापेक्षा आपणही ते वाचावे आणि मुलाशी बोलावे, असे आम्हांला वाटते.

मागणी नोंदवताना शेवटचा वाचलेला भाग, भाषा आणि बांधणी कळवावी. पेपरबॅक आणि पुठ्ठा बांधणी यांचे आयएसबीएन (आवृत्तीचे ओळखक्रमांक) वेगवेगळे असतात, त्यामुळे घरातल्या संचाशी जुळणारी प्रत हवी असेल, तर आधीच्या भागाच्या मलपृष्ठावरील तेरा अंकी क्रमांकाचा फोटो पाठवावा. त्यावरून आम्ही तीच आवृत्ती शोधतो. चुकून भलताच भाग घेतला गेल्यास, पुस्तकावर नाव किंवा खूण केलेली नसेल, तर पंधरा दिवसांत तो बदलून दिला जाईल.