गाजर गवत, ऊन आणि न थांबणारी खाज

बांधावर, ओढ्याकाठी, एसटी स्टँडच्या मागे पावसाळ्यात कमरेएवढं माजणारं गाजर गवत पुण्यातल्या उकिरड्यांवर १९५५ च्या सुमारास नजरेत आलं. ते अमेरिकेच्या गव्हातून आलं असं गावोगाव सांगतात. पण त्या गव्हाचा, म्हणजे पीएल-४८० या अमेरिकी धान्य-मदतीचा करार ऑगस्ट १९५६ चा, त्यामुळे ही गोष्ट जशीच्या तशी घेता येत नाही.

या गवताच्या ॲलर्जीने होणाऱ्या त्वचारोगाच्या नोंदीही आधी पुण्याच्याच. दोषी द्रव्य पार्थेनिन, ते पानाखोडावरच्या बारीक लवेत असतं. गवत वाळलं की त्याचा भुगा हवेत उडतो, हात लावायचीही गरज उरत नाही.

दुसरा धागा इंग्लंडचा. १९६० च्या आसपास तिथे साबणातल्या एका जंतुनाशकामुळे उन्हात अंग उठायचं. साबण सोडला तरी काहींचं ऊन सोसणं परत आलंच नाही. १९६९ मध्ये याच्याच जाड, कर्करोगासारख्या दिसणाऱ्या रूपाला वेगळं नाव मिळालं. १९७९ मध्ये हॉक आणि मॅग्नस या त्वचारोगतज्ज्ञांनी हे सगळं एका नावाखाली आणलं: क्रॉनिक ॲक्टिनिक डर्मटायटिस, म्हणजे उन्हाने होणारा, दीर्घकाळ रेंगाळणारा त्वचेचा दाह. गाजर गवताचे काही जुने रुग्ण, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे पुरुष, याच वळणावर पोचतात.

फरक चेहऱ्यावर वाचता येतो. नुसती हवेतली ॲलर्जी असेल तर पापण्या, कानामागची जागा, हनुवटीखालचा भाग, कोपराची घडी हेसुद्धा चिघळतं. उन्हाचा आजार याच सावलीतल्या जागा सोडतो आणि कपाळ, मानेची मागची बाजू, पंजाची पाठ धरतो. अनेकांत दोन्ही एकत्र असतं, म्हणून पाठीवर संशयित द्रव्यांचे पॅच (पट्ट्या) लावून ४८ तासांनी आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात, शिवाय प्रकाशाची चाचणी वेगळी करतात.

घोळ होतो तो इथे: नायटा समजून मेडिकलवरून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणली जाते. चार दिवस बरं वाटतं, मग दुप्पट उठतं. अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध उपयोगी पडतं, पण रक्तपेशी मोजत राहून, डॉक्टरांच्या हाताखालीच.

गवत फुलोऱ्याआधी, वाफसा असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावं, आणि ते काम रुग्णाने करू नये. १९८४ मध्ये बंगळूरला सोडलेला मेक्सिकन भुंगा परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून मिळतो. तो पावसाळ्यातच पानं फस्त करतो, नंतर जमिनीत दडून बसतो.

आणि जीपच्या खिडकीशी बसणाऱ्यांसाठी: उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्ही-बी साधी काच अडवते, यूव्ही-ए बरीचशी आत येते.