कोरडवाहू गहू आणि 'पड' या शब्दाचा घोळ

अमेरिकेतल्या ग्रेट प्लेन्स या कोरड्या मैदानी पट्ट्यातली १९३० च्या दशकातली धुळीची वादळं, नांगरून मोकळी झालेली माती वाऱ्यानं उडाली ती, सगळ्यांना माहितीयेत, ते परत सांगत बसत नाही. नांगरट आणि गहू यांचं नातं समजायला आधी 'पड' हा शब्द सोडवावा लागतो.

आपण पड म्हटलं की ढोरं सोडलेलं रान डोळ्यापुढे येतं. तिकडची पड तशी नव्हतीच. जुलैत गहू काढला की पुढची पेरणी थेट पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात, म्हणजे जवळपास १४ महिने रान रिकामं, आणि त्या काळात मशागतीच्या पाळ्यांवर पाळ्या मारून माती पार पिठासारखी करायची, कारण समज असा की वरचा भुगा झाकण बनतो आणि खालची ओल अडकून राहते. आपल्याकडेही रब्बीसाठी खरिपात रान मोकळं ठेवून वखराच्या (आडव्या पात्याच्या अवजाराच्या) पाळ्या देतातच की, आणि 'एक कोळपणी, अर्धं पाणी' असं म्हणतातही. पण काळ्या रानात भेगा बुजून ओल टिकते हा मोठा फायदा असतो, तिकडे तो हिशोब लागू नाही.

कोलोरॅडोतल्या अ‍ॅक्रनमधल्या संशोधन केंद्राच्या नोंदी बघा. १९१६ ते ३० मध्ये भुग्याच्या पद्धतीत पडीच्या काळातल्या पावसाचा फक्त १९ टक्के हिस्सा जमिनीत टिकायचा आणि गहू हेक्टरी साधारण १ टन. म्हणजे एवढी मेहनत करून ८१ टक्के पाणी गायबच! प्रत्येक पाळीला ओली माती वर येऊन वाळायची. नंतर रुंद पातं जमिनीखालून फिरवून तण कापायचं आणि धसकटं (कापणीनंतर उरलेले बुडखे) वर उभी ठेवायची असं सुरू झालं, म्हणजे आपला वखरच, फक्त ट्रॅक्टरमागे. धसकटांनी वारा अडला, बर्फ अडकलं. १९६१ ते ७५ पर्यंत तणनाशकांची जोड मिळून ओल ३३ टक्क्यांवर आणि गहू २ टनांच्या पुढे गेला. अर्थात सगळं श्रेय मशागतीला देऊ नका, नवीन वाण आणि नत्र खतही त्याच काळात आलं.

१९७४ ला ग्लायफोसेट हे तणनाशक बाजारात आलं आणि पुढे विनानांगरटीला जोर चढला, ओल वाचली म्हणून गव्हानंतर मका घेऊन पडच कमी करणं जमलं. मग २००७ ला कॅन्ससमध्ये त्याच औषधाला न जुमानणारं कोशिया तण सापडलं, आणि आता काहीजण अधूनमधून परत ते जुनं पातं फिरवतात.