लिनक्स लॅपटॉपवर लॅन चालते, वाय-फाय अडते : पार्श्वभूमी

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे अभियांत्रिकी शिकणारी मुले जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही खुली संचालन प्रणाली बसवतात, तेव्हा पहिली तक्रार बहुधा एकच असते : लॅनची केबल जोडताच नेट सुरू होते, वाय-फायचे चिन्ह मात्र दिसतच नाही. याचे कारण या दोन्ही तंत्रांच्या इतिहासात सापडते.

इथरनेट कार्डांना, म्हणजे लॅनची केबल जोडायच्या कार्डांना, लिनक्समध्ये लवकर आधार मिळाला. नासाच्या गोडार्ड केंद्रात काम करणाऱ्या डोनाल्ड बेकर यांनी १९९० च्या दशकात कितीतरी कार्डांचे ड्रायव्हर, म्हणजे ती कार्डे चालवणारे प्रोग्रॅम, लिहिले आणि ते लिनक्सच्या गाभ्यात, कर्नेलमध्येच सामील झाले. त्यामुळे आज लॅन बंद पडली, तर दोष बहुतेक वेळा ड्रायव्हरऐवजी केबल, पोर्ट किंवा राउटर यांत असतो. मराठवाड्यात यात विजेची भर पडते. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण राउटर बंद पडलेला असतो, आणि अशा वेळी ‘आयपी लिंक’ या आज्ञेच्या उत्तरात ‘नो-कॅरिअर’, म्हणजे केबलच्या दुसऱ्या टोकाकडून सिग्नल नाही, हे शब्द दिसतात. तेव्हा लॅपटॉपची सेटिंग्ज चाळत बसण्यात अर्थ नसतो.

वाय-फायची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. वाय-फायचे ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये आले आणि २००३ मध्ये इंटेलच्या सेंट्रिनो या लॅपटॉपसाठीच्या चिपसंचानंतर लॅपटॉपमध्ये अंगभूत वाय-फाय रुळले. मात्र बऱ्याच चिपचे काम त्यांच्यात भरल्या जाणाऱ्या फर्मवेअरवर, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमवर, अवलंबून होते आणि अनेक उत्पादकांनी चिपची माहिती उघड केली नव्हती. ब्रॉडकॉम या कंपनीच्या चिपसाठी स्वयंसेवकांच्या एका गटाने तिच्या बंदिस्त ड्रायव्हरचा अभ्यास करून टिपण तयार केले, दुसऱ्या गटाने केवळ त्या टिपणावरून नवा ड्रायव्हर लिहिला, आणि तो २००६ मध्ये कर्नेल २.६.१७ मध्ये दाखल झाला. तरीही फर्मवेअर वाटण्याची परवानगी नसल्याने ते वापरकर्त्याला जुन्या ड्रायव्हरमधून स्वतः काढून घ्यावे लागे, म्हणजे नेट मिळवण्यासाठी आधी नेट हवे. हा पेच मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत त्रासदायक भाग वाटतो. अथेरॉस या दुसऱ्या चिप कंपनीचा खुला ‘एटीएच९के’ ड्रायव्हर २००८ मध्ये आला, ब्रॉडकॉमने आपला खुला ड्रायव्हर २०१० मध्ये दिला, तर डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये बंदिस्त फर्मवेअर थेट २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून समाविष्ट झाले. गावाकडे राहणारा विद्यार्थी आज हा पेच मोबाईलने सोडवतो. फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचे नेट लॅपटॉपला देणे, सुरू केले की तो लॅपटॉपला वायरचे जाळे म्हणून दिसतो आणि त्यावरून फर्मवेअर उतरवता येते. त्यापूर्वी कर्नेलच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ या आज्ञेच्या उत्तरात फर्मवेअर लोड न झाल्याची ओळ आहे का, एवढे पाहावे.

आज्ञांमध्येही असेच थर साचले आहेत. जाळ्याच्या जोडण्या पाहण्या-बदलण्याची ‘आयएफकॉन्फिग’ ही आज्ञा १९८० च्या दशकातील बीएसडी युनिक्स या जुन्या प्रणालीतून आली, वाय-फायसाठीची ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’ १९९० च्या दशकात. आता त्यांची जागा ‘आयपी’ व ‘आयडब्ल्यू’ यांनी घेतली आहे आणि वर २००४ पासून जोडण्या आपोआप सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर आहे. शिवाय २०१३ पासून लिनक्समधील सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीने जाळ्यांच्या जोडण्यांची नावेच बदलली. जुन्या लेखातील ‘डब्ल्यूलॅन०’ हे वाय-फायचे नाव टाइप करून ‘असे उपकरण नाही’ असे उत्तर मिळते, कारण त्याचे नाव आता ‘डब्ल्यूएलपी३एस०’ असू शकते. वाय-फाय खरेच बंद आहे की केवळ अडवलेले आहे, हे ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा सांगते : ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर ते आज्ञेने सुटते, ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर लॅपटॉपवरील बटण किंवा बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंग्ज, तपासावे लागते.

रेडिओलहरींचे नियमही यात येतात. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये विनापरवाना झाला, आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये. लिनक्स देशाच्या संकेतानुसार चॅनल ठरवत असल्याने, तेथे अमेरिकेचा संकेत पडला असेल तर १२ व १३ क्रमांकाच्या चॅनलवरील राउटर यादीत येत नाही.

सर्वांत फसवा दोष स्वस्त लॅपटॉपमधील रिअलटेक ८७२३बीई या चिपचा आहे. फर्मवेअर ठीक असते, जाळे दिसते, पण राउटरच्या खोलीबाहेर जाताच सिग्नल गळतो. लॅपटॉपला एकच अँटेना जोडलेला असतो आणि ड्रायव्हर कधी कधी चिपचा दुसरा, रिकामा जोड निवडतो. ड्रायव्हरच्या मॉड्यूलच्या पर्यायांमध्ये ‘अँट_सेल’ला १ किंवा २ हे मूल्य देऊन पाहिले की योग्य अँटेना मिळतो.