घर घेताना: एजंट नेमका कुणाचा?

जाहिरात पाहून तुम्ही फोन करता. समोरचा माणूस अगत्याने बोलतो, त्याच दिवशी घर दाखवायला तयार होतो. तो बहुधा विकणाऱ्याने नेमलेला एजंट असतो. त्यात गैर काही नाही. मालकाला चांगला भाव मिळवून देणं हेच त्याचं काम. पण घर बघता बघता तुम्ही त्याला “आवडलं तर थोडं वर जाऊ” किंवा “आत्ताचं घर महिनाअखेर सोडायचंय” असं सांगून बसलात, तर ते मालकापर्यंत पोचणार हे धरून चाला.

आम्हीही एजंट आहोत, पण फक्त घेणाऱ्याच्या बाजूने काम करतो. एकाच व्यवहारात दोन्हीकडची बाजू घेणारे एजंटही असतात. काही ठिकाणी दोघांच्या लेखी संमतीने ते चालतं, काही ठिकाणी त्याला मनाई आहे. आमच्या मते घेणाऱ्याने ते टाळावं. दोन्ही पक्षांची गुपितं ठाऊक असलेला माणूस कुणासाठीच जोर लावून घासाघीस करू शकत नाही.

आमचे पैसे

हे पहिल्याच भेटीत विचारा, आमच्याकडे आणि इतर कुणाकडेही. टक्केवारीने कमिशन घेणाऱ्या एजंटला घर महाग गेलं तर जास्त मिळतं, म्हणून तो भाव चढवेल अशी शंका लोक घेतात. खरी अडचण वेगळी आहे. 2 टक्के दराने, किमतीत शंभर उतरले तर तुमचे शंभर वाचतात आणि एजंटचे दोनच जातात. तेवढ्यासाठी भाव चढवायला कुणी बसत नाही. पण ते शंभर वाचवण्यासाठी आणखी आठवडाभर झगडायलाही कुणी बसत नाही. व्यवहार लवकर उरकावा, याकडेच कल राहतो.

विकणाऱ्यांच्या एजंटांबाबत हे आकड्यांतून दिसलं आहे. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी शिकागो परिसरातल्या जवळपास एक लाख घरविक्री तपासल्या. त्यांचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. एजंटांनी स्वतःची घरं ग्राहकांच्या घरांपेक्षा सरासरी साडेनऊ दिवस जास्त थांबून विकली आणि सुमारे 3.7 टक्के जास्त किंमत मिळवली. थांबण्याचा फायदा स्वतःच्या खिशात जाणार असेल, तर एजंटही थांबतो!

म्हणून आम्ही ठरावीक रक्कम घेतो, किंमत काहीही ठरो. विकणाऱ्याकडून काही घेत नाही.

सही करण्यापूर्वी

अमेरिकेत ऑगस्ट 2024 पासून नव्या नियमांनुसार बहुतेक एजंटांना घर दाखवायला नेण्याआधीच घेणाऱ्याशी लेखी करार करावा लागतो. नियम असो वा नसो, करार लेखीच हवा. त्यात मुदत बघा, मध्येच बाहेर पडायची सोय बघा. आणि एक कलम आवर्जून शोधा: करार संपल्यावरही, त्या एजंटने दाखवलेलं घर ठरावीक काळात घेतलंत तर त्याचे पैसे द्यावे लागतात का? आमच्या करारातही हे कलम आहे. त्याचा काळ मोठा वाटला तर तसं सांगा, कमी करता येतो.

घर पसंत पडलं की आसपासची तशीच घरं अलीकडे प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते आम्ही काढतो. मागितलेल्या किमतीवरून अंदाज बांधू नये, मागायला काय लागतं! हे घर किती दिवस पडून आहे, भाव आधी उतरवला आहे का, तेही पाहतो. मग देकार देतो, म्हणजे तुम्ही किती द्यायला तयार आहात ते मालकाला कळवतो. कर्ज मंजूर झालं नाही किंवा तपासणीत मोठा दोष निघाला, तर इसाराची रक्कम परत मिळावी, अशा अटी आम्ही त्यात घालायला सांगतो. स्पर्धा असेल तेव्हा लोक त्या सोडून देतात. निर्णय तुमचा, पण आमचा सल्ला सहसा “सोडू नका” असाच असेल.

कागदपत्रं वकिलानेच तपासावीत आणि बांधकाम जाणकार इंजिनिअरनेच. ते आमचं काम नाही. नावं आम्ही सुचवू, पण एखादं नाव आमच्या ओळखीबाहेरचंही शोधा. तपासणाऱ्याला पुढची कामं आमच्याकडूनच मिळणार असतील, तर त्याचं बोट जरा सौम्यपणे दोषाकडे जातं.

पहिल्या भेटीला बँकेचं कर्जाबाबतचं पत्र असेल तर आणा, आणि ज्यांचं मत लागणार आहे त्या सगळ्यांना सोबत घेऊन या. एकाला भरपूर उजेड हवा आणि दुसऱ्याला कामाचं ठिकाण जवळ हवं, हे पाचव्या घराच्या दारात कळण्यापेक्षा आमच्या टेबलावर कळलेलं बरं. या भेटीचे पैसे आम्ही घेत नाही.