थांबलेलं बी आणि घाईतलं बी

बहाव्याच्या आणि जांभळाच्या बिया एकाच डब्यात टाकून ‘पाऊस स्थिरावला की लावू’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. ऑगस्टअखेर दोन्ही पेरल्या जातात, दोन्हींतून काहीच वर येत नाही आणि बी खराब होतं असं ठरतं. खरं तर बहाव्याचं बी धडधाकट असतं, त्याच्या आत पाणीच शिरलेलं नसतं. जांभळाचं बी मात्र डब्यातच मेलेलं असतं. कुंडीकडे वरून पाहून हे कळत नाही, आणि दोघांचे उपाय तर एकदम उलटे.

बहावा, गुलमोहर, शिरीष, बाभूळ, चिंच ही सगळी शेंगवाली मंडळी. यांचं बी वाळूनच पक्कं होतं. शेंगा पिकतात त्या कोरड्या दिवसांत. तेव्हा एखाद्या अवकाळी सरीला भुलून बी उगवलंच, तर पुढच्या उन्हात रोप करपणार. म्हणून वर टणक कवच, आणि आत पाणी जाऊ न देणं हेच त्याचं काम. रानात माकडं, कोल्हे, अस्वलं बहाव्याच्या शेंगा फोडून गर खातात, बी पोटातून जातं, मातीत पडतं, कवच हळूहळू झिजतं. घरी हे काम आपल्याला करावं लागतं.

बहाव्याची शेंग फोडली की आत चिकट काळा गर आणि नाण्यांच्या चळतीसारखे पातळ पडदे दिसतात. दोन पडद्यांच्या मधे एकेक चपटं, चकचकीत तपकिरी बी. बी धुऊन घ्यावं. एका टोकाला बारीक ठिपका असतो, तिथे अंकुराचं मूळ असतं. त्या टोकाला हात लावायचा नाही. विरुद्ध बाजू पॉलिश पेपरवर घासत राहायची. तपकिरी रंग जाऊन खालचा फिका रंग दिसला की थांबायचं. मग रात्रभर पाण्यात. सकाळी जे बी फुगून चांगलं मोठं झालेलं असेल ते पेरायचं. जे तसंच टणक राहिलं त्याला पुन्हा घासायचं. बी ‘चांगलं की वाईट’ हे पाहायला लोक ते पाण्यात बुडतं का बघतात. त्यापेक्षा ही फुगण्याची खूण मला जास्त भरवशाची वाटते. चिंचोक्याला एवढा खटाटोप लागत नाही, एक दिवस भिजवलं तरी बहुतेकदा पुरतं.

आंबा, फणस, जांभूळ, कोकम यांचं गणित वेगळं. फळं पिकतात ती पावसाच्या तोंडावर किंवा पहिल्या सरींत. जमीन ओली होतेच आहे, मग थांबायचं कशाला? बी झाडावरून पडतं तेच ओलसर, उगवायच्या तयारीत. त्याला वाळवलं की आतल्या पेशी मरतात, आणि मग कितीही भिजवा, उपयोग नाही. फ्रीजही कामाचा नाही, कारण अशा बऱ्याच उष्ण प्रदेशातल्या बियांना गारवाही सोसत नाही. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर २००८ साली सुरू झालेल्या बियाण्यांच्या कोठारात उणे १८ अंशांवर जगभरच्या पिकांचं बियाणं ठेवलं आहे. तिथे बहाव्यासारखं वाळणारं बी टिकेल. आठळी टिकणार नाही. म्हणून फणस फोडला की आठळी धुऊन त्याच आठवड्यात पिशवीत. आंब्याची कोय कडेने कात्रीने उघडून आतली बी काढून लावली तर लवकर वर येते आणि आत भुंगा असेल तर तेव्हाच दिसतो. जांभळाच्या एका बीतून दोन-तीन कोंब आले तर दचकू नका, ते त्याच्या स्वभावातच आहे. आणि हापूसच्या कोयीतून आईसारखाच हापूस येईल ही आशा मात्र सोडा. त्यासाठी कलमच लागतं.

सगळ्यात फसवतो तो कडुनिंब. निंबोळी वाळली की छोटी, कोरडी, टिकाऊ दिसते, म्हणून तिला शेंगवाल्यांच्या डब्यात जागा मिळते. पण साध्या हवेत ती काही आठवड्यांतच उगवण गमावू लागते. जून-जुलैत पिवळी निंबोळी पडली की गर काढून, सावलीत सुकवून लगेच पेरावी. दिवाळीनंतर कुणी पुडी भरून निंबोळ्या दिल्या तर त्यांचा अर्क करून फवारा, कुंडी अडवू नका.

साग या दोन्हींत नीट बसत नाही. त्याचं टणक फळ रोपवाटिकांत आठवडा-दोन आठवडे आळीपाळीने भिजवतात आणि उन्हात वाळवतात, तरीही काही फळं पुढच्या वर्षी उगवतात. पहिल्याच वर्षी त्याच्या नादी लागू नये. बहावा मेमध्ये घासून लावला तर रोपाला अख्खा पावसाळा मिळतो. जांभळाचं बी खाल्ल्या दिवशीच लावावं. पिशवी दोन्हींना उथळ नको, सोटमूळ खाली टेकलं की गोल फिरायला लागतं.