ट्रान्स आणि हाउस संगीत : निर्मितीतील गुंतागुंत

इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या या दोन्ही प्रकारांत चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेवर किक ड्रम (खोल, जाड ठोका) वाजतो. लय, रचना आणि ध्वनींची घडण मात्र निराळी असल्यामुळे त्यांची निर्मिती वेगवेगळ्या ठिकाणी अवघड होते. ट्रान्सला आवाजांचे थर जास्त लागतात, म्हणून तोच अधिक अवघड, असे सर्रास म्हटले जाते. हे मत अर्धेच खरे आहे.

हाउस १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात शिकागोत घडले. डिस्कोच्या तबकड्या आणि रोलँड कंपनीची टीआर-८०८ व टीआर-९०९ ही तालयंत्रे हे त्याचे सुरुवातीचे भांडवल. लय साधारणपणे मिनिटाला ११८ ते १३० मात्रांची असते. एक ठेका, बेसची (खालच्या स्वरांची) एक ओळ, दोन-तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आणि गाण्याचा एखादा तुकडा, एवढ्यावर सहा-सात मिनिटांची रचना उभी राहते. सामग्री थोडी असल्याने प्रत्येक आवाज उघडा पडतो. कच्चा हायहॅट (झांजेसारखा आवाज) झाकायला काही नसते. खरी कसोटी स्विंगची, म्हणजे ठेक्यातल्या डुलण्याची. १२५च्या लयीत मात्रेचा चतुर्थांश १२० मिलिसेकंदांचा असतो. दर दुसरा चतुर्थांश दहा-बारा मिलिसेकंद उशिरा पडला की ठेका डोलू लागतो; तोच उशीर चाळीसपर्यंत गेला की ठेका थेट तिस्र जातीत (मात्रेच्या तीन भागांच्या चालीत) शिरतो. मधली नेमकी जागा कानानेच शोधावी लागते.

ट्रान्स १९९०च्या सुमारास जर्मनीत, विशेषतः फ्रँकफर्टमध्ये आकाराला आला. लय बहुधा १३० ते १४०. १९९६ साली आलेल्या रोलँड जेपी-८००० या सिंथेसायझरमधील ‘सुपरसॉ’ने त्याचा आवाज ठरवला : एका स्वरासाठी किंचित बेसूर केलेल्या सात करवती (करवतीच्या दातांसारख्या आकाराच्या) लहरी. चार स्वरांची कॉर्ड धरली की २८ लहरी एकाच वेळी वाजतात. त्यावर रिव्हर्ब (घुमारा), डिले (प्रतिध्वनी) आणि आर्पेजिओ (कॉर्डचे सुटे सुटे वाजणारे स्वर) आले की मधल्या कंप्रतांत गर्दी होते, आणि मिक्सिंगचा (सगळे आवाज एकत्र जुळवण्याचा) मोठा भाग ती गर्दी छाटण्यात जातो. शिवाय ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे रचनेच्या मधल्या संथ भागात, किक थांबते आणि सगळा भार सुरावटीवर येतो. ती कमकुवत असेल तर कितीही थर रचले तरी उपयोग होत नाही.

गोव्यात हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यांवरील नाचांतून गोवा ट्रान्स आणि पुढे सायट्रान्स आला. या लेखकाच्या मते तांत्रिक काटेकोरपणा सर्वांत जास्त इथे लागतो. प्रत्येक मात्रेत एक किक आणि तिच्यामागे बेसचे तीन आघात. १४५च्या लयीत प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १०३ मिलिसेकंद. किकचे शेपूट त्याआधी विरले पाहिजे आणि बेसची लहर दर आघाताला एकाच बिंदूपासून सुरू झाली पाहिजे, नाहीतर खालच्या स्वरांचा आवाज मात्रेगणिक कमीजास्त होतो.

थोडक्या यंत्रांचे मुंबईतील उदाहरण संगीतकार चरणजित सिंग यांचे आहे. १९८२ साली त्यांनी टीआर-८०८, टीबी-३०३ हा बेसचा सिंथेसायझर आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर वापरून डिस्कोच्या ठेक्यावर राग ध्वनिमुद्रित केले. रागाचा विस्तार हीच तिथली गुंतागुंत होती.

आज सुपरसॉचे तयार ध्वनी बहुतेक सॉफ्टवेअर सिंथमध्ये मिळतात, त्यामुळे ट्रान्समधील ध्वनिघडणीचे श्रम घटले. ब्रेकडाउन आणि मिक्सिंगचे घटले नाहीत. हाउसमध्ये जुन्या तबकडीतला तुकडा घेतला तर तो नव्या लयीला आणि स्वराला जुळवावा लागतो, आणि प्रकाशनापूर्वी मूळ हक्कधारकांची परवानगीही मिळवावी लागते.